चित्रात नसलेला धूमकेतू : कमिशनवर रंगवून घेतलेल्या एका ऐतिहासिक चित्राविषयी

चित्र हातात आल्यावर त्याचे परीक्षण लगेच लिहायचे नाही, निदान एक वर्ष थांबायचे, असे मी ठरवले होते. कारण तेलरंगाचा खरा स्वभाव पहिल्या काही महिन्यांत कळत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होते, आणि वरून कोरडा वाटणारा थर आतून कित्येक महिने मऊच असतो. ते वर्ष उलटून आता चार महिने झाले आहेत. मधल्या काळात चित्र एकदा दुरुस्तीसाठी गेले आणि परत आले, त्यामुळे या चित्रकर्तीच्या कामाविषयी बरे आणि वाईट दोन्ही सांगण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे.

विषय माझा होता. कॅरोलिन हर्शेल हिला १ ऑगस्ट १७८६ च्या रात्री तिचा पहिला धूमकेतू सापडला, तो प्रसंग मला माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर हवा होता. हॅनोव्हर येथे १७५० साली जन्मलेली कॅरोलिन १७७२ मध्ये भावाकडे इंग्लंडात आली, विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधल्यानंतर त्याच्या वेधांच्या कामात पूर्णपणे ओढली गेली, आणि १७८६ च्या उन्हाळ्यात भाऊ, इंग्लंडच्या राजाने भेट दिलेली दुर्बीण पोहोचवण्यासाठी, जर्मनीतील गटिंगेनला गेलेला असताना इंग्लंडातील स्लाउ (Slough) या गावच्या घरी राहून स्वतःचे वेध स्वतः घेत होती. पुढे १७९७ पर्यंत तिने एकूण आठ धूमकेतू शोधले, आणि १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड वेतन मिळू लागले. आकाशदर्शनाची आवड असणाऱ्यांना हे सगळे ठाऊक असते. परंतु तिची जी चित्रे नेहमी छापली जातात त्यांत भाऊ दुर्बिणीचा आरसा घासतो आहे आणि ती शेजारी उभी राहून त्याला मदत करते आहे, असा प्रकार दिसतो. मला ती एकटी हवी होती, आणि काम तिचे स्वतःचे हवे होते.

चित्रकर्तीचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्या मी त्यांच्यापाशी समोरासमोर मांडून झालेल्या आहेत. त्यांचा चरितार्थ व्यक्तिचित्रांवर चालतो. सभागृहांत लावायची, निवृत्तीच्या वेळी भेट द्यायची, दिवंगत नातेवाइकांच्या छायाचित्रांवरून करायची अशी ती कामे असतात. त्यातून उरलेला वेळ त्या ऐतिहासिक विषयांना देतात आणि त्यातूनही उरलेला निरनिराळ्या माध्यमांच्या प्रयोगांना. मला त्यांच्याकडे खेचले ते त्यांच्या कार्यशाळेतल्या लिंबांनी. भिंतीला टेकवलेल्या वीतभर लाकडी फळ्यांच्या एका रांगेत एकच लिंबू नऊ वेळा, नऊ माध्यमांत रंगवलेले होते, आणि प्रत्येक फळीच्या पाठीवर तारीख, रंगद्रव्यांची नावे आणि ‘पिवळा पडला’, ‘तडा नाही’, ‘पुन्हा करू नये’ असे शेरे होते. आपल्या चुका तारखेसह जपून ठेवणाऱ्या माणसाकडे काम सोपवायला हरकत नाही, असे माझ्या मनाने तिथेच घेतले.

त्यांचा पहिला प्रश्न विषयाबद्दल नव्हता. चित्र कोणत्या भिंतीवर लागणार, खिडकी त्या भिंतीच्या डावीकडे आहे की उजवीकडे, आणि संध्याकाळी खोलीत दिवा कुठे असतो, हे त्यांनी आधी विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. रात्रीच्या प्रसंगाचे चित्र काळोख्या भिंतीवर चकाकणारा आरसा होऊन बसते, हे मला पुढे कळले. करारनामा दोन पानांचा आणि समजेल अशा भाषेत होता. पैसे तीन समान हप्त्यांत द्यायचे होते, पहिला करार करताना, दुसरा रंगीत आराखडा मान्य झाल्यावर आणि तिसरा चित्र ताब्यात घेताना. कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर दोनदा बदल सांगता येतील, रंगीत आराखड्यानंतर एकही नाही. चित्राची मालकी माझी, पण चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क त्यांचा, हे कलम मला तोवर माहीत नव्हते आणि प्रथम खटकलेही. मात्र विकत घेतलेली वस्तू आणि तिच्यातील कलाकृतीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. चित्र नापसंत पडले तर काय, याचेही कलम होते. ते असायलाच हवे. प्रत्यक्ष रेम्ब्रांटने अॅमस्टरडॅमच्या नगरगृहासाठी १६६१-६२ मध्ये केलेले क्लॉडियस सिव्हिलिसच्या कटाचे भव्य चित्र थोड्याच दिवसांत भिंतीवरून उतरून त्याच्याकडे परत आले होते, आणि त्याचा कापून उरलेला मधला तुकडाच आज स्टॉकहोमला पाहायला मिळतो.

आता या सेवेतील सर्वांत मोलाच्या भागाकडे येतो. ऐतिहासिक चित्र काढून देणारे बरेच जण असतात. पोशाख जुना, फर्निचर जुने, चेहऱ्यावर गांभीर्य, की झाला इतिहास. या बाईंनी पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी माझ्यापुढे तीन रकान्यांचा एक कागद ठेवला. पहिल्या रकान्यात ‘नोंद आहे’, दुसऱ्यात ‘अनुमान’ आणि तिसऱ्यात ‘माझे’ असे मथळे होते, आणि चित्रात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मेजावरच्या कात्रीपर्यंत, यांपैकी एका रकान्यात बसवलेली होती. चित्र पुरे होईपर्यंत हा कागद सतत बदलत राहिला आणि शेवटी चित्रासोबत माझ्या हाती आला. आज कोणी चित्रासमोर उभे राहून ‘हे खरेच असे होते का’ असे विचारले, तर मी तो कागद काढून दाखवतो.

प्रसंग कोणता, यावरूनच आमचे पहिले मतभेद झाले. माझ्या डोळ्यांसमोर दुर्बिणीला डोळा लावलेली कॅरोलिन आणि वर शेपटीसह झळकणारा धूमकेतू होता. बाईंनी कॅरोलिनच्या नोंदी वाचून काढल्या होत्या. १ ऑगस्टला संध्याकाळी एक वस्तू दिसली, ती उद्या रात्री धूमकेतू ठरेल असे वाटते, अशी पहिली नोंद आहे. २ ऑगस्टला दिवसभर पाऊस पडला, रात्री आकाश मोकळे होईल की नाही याची धास्ती, आणि मग रात्री एक वाजता, कालची वस्तू धूमकेतूच आहे, अशी दुसरी. आणि तिसरी अशी की, रॉयल सोसायटीचे चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन आणि हौशी खगोलनिरीक्षक अलेक्झांडर ऑबर्ट या दोघांना पत्रे लिहिल्याशिवाय ती झोपायला गेली नाही. बाईंचे म्हणणे असे होते की, खरा प्रसंग पहिल्या रात्रीचा नाहीच. पहिल्या रात्री फक्त शंका होती. आकाशातल्या एका अंधूक ठिपक्याने एका दिवसात जागा बदलली की नाही, हे दुसऱ्या रात्री पाहिल्यावरच तो तारा किंवा तेजोमेघ नसून धूमकेतू आहे हे ठरले. म्हणून चित्र रात्री एकनंतरचे, पत्र लिहिण्याचे असावे, दार उघडे असावे, आणि दाराबाहेर दिवसभरच्या पावसाने ओल्या झालेल्या पायऱ्या दिसाव्यात. त्या ओल्या पायऱ्यांनी मला जिंकले. पाऊस पहिल्या रकान्यात होता, पायऱ्या दुसऱ्या.

शेपटीवरून मात्र मी बराच काळ अडून बसलो. धूमकेतूच्या चित्रात धूमकेतू नाही, हे पाहुण्यांना कसे सांगायचे, असा माझा मुद्दा होता, आणि तो आजही मला अगदीच चुकीचा वाटत नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी शेपटी असलेले एक रेखाटन करून आणले आणि त्याच्याखाली पेन्सिलीने ‘तिसरा रकाना’ असे लिहिले. तो धूमकेतू त्या रात्री छोट्या दुर्बिणीतून दिसणारा अंधूक गोलसर ठिपका होता, शोधाचे सगळे कसब त्या अंधूकपणातच होते, आणि तशी शेपटी असती तर तो कोणीही सहज शोधला असता, हे रेखाटन पाहताच लक्षात येत होते. मग निदान चांदणे तरी ठेवा, म्हणजे दाराबाहेरचे काही दिसेल, असे मी सुचवले. त्यांनी चंद्राची कला मोजून काढली: शुद्ध अष्टमीच्या मागेपुढे असलेला तो चंद्र मध्यरात्रीपूर्वीच मावळलेला असणार. तेव्हा चांदणेही गेले, आणि चित्रातला सगळा प्रकाश एका मेणबत्तीवर येऊन ठेपला.

या काटेकोरपणाला काही जण हट्ट म्हणतील. इमानुएल लॉइट्झे याने १८५१ मध्ये रंगवलेल्या, डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनच्या सुप्रसिद्ध चित्रात नावेवर तारे आणि पट्टे असलेला ध्वज आहे. ती नदी डिसेंबर १७७६ मध्ये ओलांडली गेली आणि तो ध्वज जून १७७७ मध्ये स्वीकारला गेला, तरी त्या चित्राचे मोठेपण कमी झालेले नाही. हे मला मान्य आहे. पण लॉइट्झे मोठ्या जनसमुदायाला आवेश देण्यासाठी रंगवत होता. रोज दोन हातांवरून पाहायच्या चित्राचा निकष वेगळा असतो. त्यात जे खोटे असते ते महिन्याभरात डोळ्यांना बोचू लागते.

कॅरोलिनच्या शरीराचा प्रश्न बाईंनी ज्या प्रकारे सोडवला, तो मी जवळून पाहिला. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, आणि दहा-अकरा वर्षांची असताना झालेल्या टायफसमुळे तिची वाढ खुंटली. तिची उंची जेमतेम ४ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे १३० सेंटिमीटर राहिली. हे ज्यांना माहीत असते ते चित्रकारही नेहमीच्या बांध्याची बाई बसवतात आणि ती थोडी लहान काढतात, त्यामुळे ती लांब उभी असल्यासारखी वाटते. बाईंनी १६० सेंटिमीटर उंचीच्या एका मॉडेलला बसवले आणि फर्निचरच मोठे केले: ७५ सेंटिमीटरचे मेज ठोकळ्यांवर चढवून ९२ वर नेले, खुर्चीची बैठक त्याच हिशेबाने उंच केली, आणि मॉडेलचे पाय लोंबकळू लागल्यावर त्याखाली एक पाट सरकवला. मग दिसले की, इतक्या उंच मेजावर लिहिताना कोपर अंगापासून दूर जाते, खांदा वर उचलला जातो आणि हनुवटी कागदाच्या फार जवळ येते. तो उचललेला खांदा चित्रात आहे. त्याचे कारण ठाऊक नसलेल्यालाही ती बाई लहानखुरी आहे आणि जग तिच्या मापाचे बनवलेले नाही, हे त्या एका खांद्यावरून कळते.

चेहऱ्याबाबत त्या सावध राहिल्या. तिचे सर्वांत परिचित व्यक्तिचित्र १८२९ मधले, म्हणजे ती ऐंशीच्या उंबरठ्यावर असतानाचे आहे. त्यावरून छत्तिसाव्या वर्षीचा चेहरा काढणे म्हणजे बराचसा अंदाज. म्हणून चेहरा तीन-चतुर्थांश वळवलेला आहे, नाक आणि कपाळाची ठेवण त्या व्यक्तिचित्रातून घेतलेली आहे, आणि मेणबत्तीच्या बाजूच्या गालावर देवीचे व्रण फक्त प्रकाश तिरपा पडतो तेवढ्या पट्ट्यात दिसतात. पोशाखात मात्र बाई स्वतः एकदा चुकल्या होत्या. पहिल्या रेखाटनात कंबर छातीखाली चढलेली होती, आणि ती फॅशन काही वर्षांनंतरची आहे. मला ते कळलेही नसते. दुसऱ्या भेटीत त्यांनीच ते दाखवले, कंबर जागेवर आणली, खांद्यांवर रुमाल घातला, आणि या चुकीमुळे झालेला बदल माझ्या दोन बदलांत धरला नाही. मेणबत्तीचेही तसेच झाले: प्रथम काढलेली पांढरीशुभ्र मेणबत्ती पॅराफिनची दिसत होती, आणि पॅराफिनच्या मेणबत्त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या. तिच्या जागी चरबीची पिवळट, किंचित ओघळलेली मेणबत्ती आली, आणि जळकी वात छाटण्याची कात्री मेजावर आली.

मला सर्वांत आवडणारी जागा मात्र पत्रात आहे. त्या काळची लोहयुक्त शाई लिहिताक्षणी फिकी दिसते आणि हवा लागत जाईल तशी काळी होत जाते. चित्रातल्या कागदावर सात ओळी आहेत; अक्षरे वाचता येत नाहीत, आणि येऊ नयेत हेच बरे; पण पहिली ओळ गडद आहे, मधल्या करड्या आहेत, आणि पिसाच्या टोकाखालची ओळ जवळजवळ पाण्यासारखी फिकी आहे. ही बारीक गोष्ट बाईंनी मला सांगितलेली नव्हती. चित्र घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझी मला दिसली.

माध्यमाची निवड हा या सेवेचा दुसरा भाग, आणि इथे कौतुक आणि तक्रार एकमेकांत गुंतलेली आहेत. कमिशनच्या रकमेतच त्या चार चाचणी-फळ्या करून देतात. प्रसंगातला एकच तुकडा, आमच्या बाबतीत मेणबत्ती, हात आणि कागदाचा कोपरा, चार माध्यमांत येतो आणि गिऱ्हाइकाने त्या फळ्या घरी नेऊन ठरलेल्या भिंतीवर आठवडाभर लावून पाहायच्या असतात. अॅक्रिलिकची फळी मी दुसऱ्याच दिवशी बाद केली. ते भराभर वाळते, त्यामुळे ज्योतीभोवतीचा उजेड काळोखात विरघळत जाण्याऐवजी पायरीपायरीने उतरतो, आणि वाळताना रंग गडद होत असल्याने काळोखाचा अंदाज चुकतो. मेणाची, म्हणजे तापवलेल्या मेणात कालवलेल्या रंगांची, फळी सुंदर होती. इजिप्तमधील फायूम येथील व्यक्तिचित्रे याच माध्यमात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून टिकून आहेत, पण तिचा खडबडीत पृष्ठभाग शाईच्या बारीक रेषांना साथ देईना. तिसरी फळी तांब्याच्या पत्र्यावर तेलरंगांत होती. अॅडम एल्सहायमरने १६०९ मध्ये तांब्यावरच आकाशगंगेसह रात्र रंगवली आहे, तीही अवघ्या ३१ बाय ४१ सेंटिमीटरमध्ये, आणि बाईंची ती फळी पाहिल्यावर तांबेच का, हे कळले: गुळगुळीत, काही न शोषणाऱ्या पृष्ठभागावर तेलरंगाचा पातळ थर आतून उजळल्यासारखा दिसतो. मात्र मला चित्र ६० बाय ८० सेंटिमीटरचे हवे होते, आणि एवढा पत्रा वाकू न देणे हा वेगळाच खटाटोप झाला असता.

शेवटी चौथी पद्धत ठरली: लाकडी फळीवर खडू आणि सरसाचे पांढरे अस्तर, त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचा टेम्परा, आणि त्यावर तेलरंगाचे पारदर्शक थर. टेम्परा काही मिनिटांत वाळतो, तो ब्रशने एकमेकांत मिसळता येत नाही, म्हणून उजेड-सावली बारीक रेघांच्या जाळीतूनच उभी करावी लागते. टोपी आणि खांद्यावरचा रुमाल यांत ती जाळी अजून दिसते आणि कापडाचा पोत होऊन बसते. त्यावरचे तेलाचे थर कमी तेलाकडून जास्त तेलाकडे चढवत नेले, कारण उलटे केले तर खालचा थर वरच्यानंतर वाळतो आणि वरचा तडकतो. रंगांच्या बाबतीतही त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते: १७८६ च्या चित्रकाराच्या हाताशी असतील तेवढेच रंग. बाहेरच्या आकाशाला प्रशियन निळा आहे, जो अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये तयार झाला; कोबाल्ट निळा १८०२ नंतरचा म्हणून वगळलेला आहे, कॅडमियमचे पिवळे एकोणिसाव्या शतकातले म्हणून. गालावरचा लाल गेरूचा आहे. कार्मिनसारखे सेंद्रिय लाल त्या काळी सर्रास वापरत, पण जोशुआ रेनल्ड्सने काढलेली माणसे त्याच्या हयातीतच पांढरीफटक पडू लागली होती, आणि बाईंना तो इतिहास पुन्हा घडवायचा नव्हता. एकच सवलत त्यांनी घेतली: शिशाचा पांढरा विषारी म्हणून त्याऐवजी विसाव्या शतकातला टायटॅनियम पांढरा वापरला, आणि ते तसे सांगितले.

सांगितले नाही ते पितळी मेणबत्तीदाणाबद्दल. ज्योतीचा उजेड पाहणाऱ्याबरोबर हलावा म्हणून त्यांनी मेणबत्तीदाणावर आणि दुर्बिणीच्या नेत्रभिंगाच्या कड्यावर धातूचा वर्ख लावून त्यावर तेलरंगाचे पातळ थर दिले होते. परिणाम विलक्षण होता. खुर्चीतून उठले की पितळ चमकून जाई. ‘वर्ख लावते आहे’ असे त्या म्हणाल्या होत्या, आणि वर्ख म्हणजे सोन्याचा, असे मी धरून चाललो. तो तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचा नकली वर्ख होता. सातव्या महिन्यात मेणबत्तीदाणाच्या कडेला मोहरीएवढा हिरवट-काळा ठिपका आला, मग त्याच्याशेजारी दोन आले, आणि नवव्या महिन्यात त्यांची एक रेघ झाली. सोने काळवंडत नाही. तांबे काळवंडते, आणि वरच्या संरक्षक थरात टाचणीएवढी फट राहिली तरी पुरते. चौकशी केल्यावर कळले की, या मिश्रणाची चाचणी त्यांनी फक्त सहा आठवडे घेतली होती. ज्या कार्यशाळेत लिंबाच्या फळ्यांवर वर्षावर्षांचे शेरे आहेत, तिथे हे व्हावे, याचे मला अधिक वाईट वाटले.

प्रयोग करू नये, असे माझे म्हणणे नाही. कमिशनच्या कामात प्रयोग फसण्याची परंपरा फार थोर आहे. लिओनार्दोने फ्लॉरेन्सच्या नगरसभागृहासाठी १५०३ नंतर हाती घेतलेले अंघियारीच्या लढाईचे भित्तिचित्र तेलाच्या प्रयोगामुळे बिघडले आणि अपुरे राहिले. माझी तक्रार एवढीच आहे की, कात्री अनुमानाची की नोंदीतली, हे ज्या बाई लिहून देतात, त्यांनी वर्ख कशाचा आणि तो किती दिवस तपासलेला, हेही लिहून द्यायला हवे होते. इतिहासासाठी तीन रकाने, आणि साहित्यासाठी एकही नाही! भिंतीवर टांगलेल्या वस्तूच्या मालकाला साहित्याच्या माहितीची गरज इतिहासाच्या माहितीहून कमी नसते. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. करारात दोन वर्षांच्या विनामूल्य दुरुस्तीचे कलम होतेच. त्यांनी चित्र नेले, काळवंडलेला भाग अस्तरापर्यंत खरवडला आणि स्वतःच्या खर्चाने खरा सोन्याचा वर्ख लावला. आता तो भाग पूर्वीपेक्षा थोडा उबदार दिसतो, आणि संध्याकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले तर दुरुस्तीची कड केसाइतकी उठून दिसते. समोरून पाहताना ती दिसत नाही.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. ठरलेल्या मुदतीपेक्षा चित्र अकरा आठवडे उशिरा मिळाले. उशीर तेलरंगाच्या वाळण्यामुळे झाला आणि तो समजण्यासारखा होता. पण प्रत्येक वेळी मीच विचारायचे आणि मग त्यांनी सांगायचे, हे समजण्यासारखे नव्हते. मधल्या टप्प्यांची छायाचित्रे मागितली की येत, न मागता कधी आली नाहीत. तिसऱ्या महिन्यात गडद तपकिरी भाग जागोजागी निस्तेज, खडूसारखे दिसू लागले, तेव्हा मी घाबरलो होतो. तेल खालच्या थरात शोषले गेल्याने तसे होते आणि अंतिम वॉर्निशने ते परत उजळते, हे खरे निघणार असे दिसते, पण ते आधीच सांगितले असते तर माझी एक रात्र वाचली असती. चौकटीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. साधी, काळसर, चित्राच्या आड न येणारी आहे.

ज्यांना लवकर, ठरलेल्या दिवशी आणि आपल्या मनातले हुबेहूब चित्र हवे आहे, त्यांनी या प्रकारच्या चित्रकाराकडे जाऊ नये. दोघांनाही त्रास होईल. ज्यांना एखादा ऐतिहासिक प्रसंग खरोखर कसा घडला असेल यात रस आहे, आपली आवडती कल्पना तिसऱ्या रकान्यात जाताना पाहण्याची तयारी आहे, आणि साहित्याविषयीचे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी एकेक करून विचारण्याइतका चिवटपणा आहे, त्यांनी जरूर जावे. कशावर रंगवणार, रंग कशात कालवणार, धातू कोणता, ते मिश्रण याआधी किती वर्षे टिकलेले पाहिले आहे आणि बिघडले तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सगळे लेखी घ्यावे. दुसरे काम द्यायचे झाले तर मी याच बाईंकडे जाईन. विषयही डोक्यात आहे.

दुरुस्त झालेले चित्र परत आले तेव्हा त्यासोबतचा कागद बदललेला होता. तीन रकान्यांच्या खाली एक आडवी रेघ मारून साहित्याची यादी जोडलेली होती: अस्तर, बलक, तेल, प्रत्येक रंगद्रव्य, वर्ख, आणि प्रत्येकापुढे ते त्यांनी स्वतः किती काळ तपासले आहे याचा आकडा. नव्या वर्खापुढे ‘अकरा वर्षे’ असे आहे आणि जुन्यापुढे, काट न मारता, ‘सहा आठवडे’. अंतिम वॉर्निश अजून चढायचे आहे. दुरुस्तीच्या भागावरचा तेलाचा थर पुरता वाळेपर्यंत सहा महिने मोजून बाईंनी त्याची तारीख ठरवली आहे, आणि ती या वेळी त्यांनी मी न विचारता कळवली.